कोकम-गुळाच्या ग्लेझमधला रावस: ऑफिसवरून आल्यावर जमणारं रात्रीचं जेवण

मासा शिजत आला की त्याच्यावर आंबट, गोड आणि खारट असा आटवलेला रस चढवायचा. तो माशाला चिकटून चकचकीत लेप होतो. हाच ग्लेझ. परदेशात सॅल्मनवर मध आणि सोया सॉसचा ग्लेझ देतात, आणि दमून घरी आलेल्या माणसाला अर्ध्या तासात करता येतं म्हणून ते जेवण तिकडे लोकांचं आवडीचं आहे. कोकणात राहणाऱ्याला त्यासाठी एकही बाटली शहरातून मागवावी लागत नाही. आंबट आणि खारट दोन्ही कोकमाच्या आगळात आहे, गोडाला गूळ आहे आणि मासा म्हणून रावस आहे.

बदली होऊन रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबागकडे आलेली बरीच मंडळी खानावळीत मासे आवडीने खातात, पण स्वतःच्या ओट्यावर मासा आणायला बिचकतात. वाटण जमेल का, काटे कोण काढणार, घरभर वास राहील का, असे त्यांचे प्रश्न असतात. त्यांनी सुरुवात कालवणाने न करता या पदार्थाने करावी, असं माझं ठाम मत आहे. यात नारळ खवायचा नाही, वाटण वाटायचं नाही, तेलाची कढई ठेवायची नाही. दोनच गोष्टी सांभाळायच्या: मासा तव्यावर जाताना कोरडा हवा आणि गोड शेवटी घालायचं. खालची प्रत्येक पायरी या दोन गोष्टींपाशीच येते.

मासा घेताना

रावस किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी सापडतो. हॉटेलांच्या मेनूकार्डावर त्याला ‘इंडियन सॅल्मन’ लिहितात, पण सॅल्मनशी त्याचं नातं नाही; दोघांची कुळं वेगळी आहेत. स्वयंपाकात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण सॅल्मनच्या मांसात चरबी भरपूर असते आणि रावसाच्या कमी. सॅल्मन मिनिटभर जास्त शिजला तरी मऊ राहतो. रावस तेवढ्यात कोरडा पडतो.

अख्खा रावस ओळखायला सोपा आहे. अंग चंदेरी, बोथट नाक तोंडाच्या पुढे आलेलं, आणि छातीजवळच्या पराखाली लोंबणारे लांब, सुटे तंतू. ताजेपणा मात्र जरा निराळ्या रीतीने पाहावा लागतो. मासा घेताना डोळे पाहा, चमकदार असले तर ताजा, असं सगळे सांगतात. रावसाच्या डोळ्यावर जन्मतःच एक पारदर्शक, चरबीचा पडदा असतो, त्यामुळे ताज्या रावसाचा डोळाही थोडा धूसर दिसतो. तेव्हा डोळ्यावर विसंबू नका. कल्ला उचलून आत पाहा: लाल किंवा गडद गुलाबी हवा, तपकिरी आणि बुळबुळीत नको. मग पाठीवर बोटाने दाबा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. वास समुद्राच्या पाण्याचा यावा. झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर भाव कितीही कमी असला तरी पुढे चला.

मिरकरवाड्यासारख्या बंदरावर किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव चालतो तो व्यापाऱ्यांचा, मोठ्या मालाचा. पाहायला जरूर जा, पण दोन माणसांच्या जेवणासाठी बाजारात बसणाऱ्या मावशींकडूनच घ्या. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी बाजार भरलेला असतो. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी अनेक घरांत मासे होत नाहीत, त्यामुळे माल कमी येतो, श्रावणातही तसंच. एकाच मावशीकडे नेमाने जात राहा. ओळख झाली की त्या स्वतःहून सांगतात, “आज रावस नको घेऊ, कालचा आहे.” दुसऱ्या कुठल्याही युक्तीपेक्षा या ओळखीचा उपयोग जास्त होतो.

मोठा रावस कापून विकतात. मधल्या भागाच्या तुकड्या मागा. शेपटीकडचा भाग निमुळता असल्याने एका टोकाला शिजतो तेव्हा दुसऱ्या टोकाला करपतो, आणि पोटाकडची बाजू पातळ असते. आणखी एक गोष्ट आठवणीने सांगायची. कोकणात तळायला पातळ तुकड्या करण्याची रीत आहे, म्हणून न सांगता कापलेल्या तुकड्या पातळच येतात. ग्लेझसाठी त्या चालत नाहीत. बाहेरून रंग येईपर्यंत आतून सुकून जातात. “मावशी, तळायच्या नाहीत, बोटभर जाड करा” एवढं सांगितलं की पुरे. बोटभर म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर. दोन माणसांना अशा चार तुकड्या, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास, भरपूर होतात. खवले काढून घ्या, कातडी राहू द्या.

मासे सकाळी घेतले आणि जेवण रात्री असेल तर तुकड्या एकदाच धुऊन, निथळून, झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत साचलेल्या पाण्यात ठेवू नका. मीठ-हळदही सकाळी लावू नका. दिवसभर मिठात राहिलेला मासा चिवट होतो.

आगळ आणि गूळ

दुकानात कोकमाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि नवीन माणूस हमखास गोंधळतो. अमृत कोकम म्हणजे साखर घातलेलं, पाणी मिसळून प्यायचं सरबत. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट, आंबट रस, ज्याची सोलकढी करतात. आपल्याला आगळ हवं. ते नसेल तर आठ-दहा आमसुलं पाव वाटी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून चांगली कुस्करा आणि पाणी गाळून घ्या. घरात अमृत कोकमच असेल तर त्याचाही ग्लेझ होतो, फक्त गूळ घालू नका आणि अर्धं लिंबू पिळून चिमूटभर मीठ टाका.

दोन माणसांसाठी प्रमाण असं: दोन मोठे चमचे आगळ, तीन मोठे चमचे चिरलेला गूळ, तीन मोठे चमचे पाणी, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं किसून, पाव छोटा चमचा भरडलेली मिरी आणि अर्धा छोटा चमचा बेडगी मिरचीचं तिखट. मीठ घालायचं नाही. आगळात ते भरपूर असतं, आणि रस आटला की खारटपणा वाढतो. प्रत्येक घरच्या आगळाचा खारटपणा वेगळा असतो, म्हणून आटवायच्या आधी एक थेंब जिभेवर ठेवून पाहा. फार खारट लागलं तर गूळ आणि पाणी थोडं वाढवा. आमसुलाचं पाणी वापरत असाल तर ते मुळात पातळ असतं, तेव्हा वेगळं पाणी घालू नका.

ग्लेझ स्टीलच्या छोट्या पातेल्यात करा. लोखंडी कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट रस आटवला तर त्याला धातूची चव लागते, आणि लोखंडात कोकमाचा सुंदर लालजांभळा रंगही काळवंडतो.

आधी गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुळात बारीक कचरा, कधी वाळूही असते आणि ती माशावर दाताखाली आलेली फार जाणवते. मग आगळ, लसूण, आलं, मिरी आणि तिखट घालून मध्यम आचेवर उकळू द्या. पाच-सहा मिनिटांत बुडबुडे मोठे आणि संथ होतात. चमचा बुडवून उलटा धरा. पाठीवर रसाचा थर राहिला आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, की गॅस बंद. लाडवांसाठी पाक करणाऱ्यांना सांगायचं तर एकतारीच्या अलीकडेच थांबायचं. गरम असताना तो पातळच वाटतो, निवला की घट्ट होतो, शिवाय तव्यावर आणखी आटणार असतो. जास्त आटला तर चमचाभर गरम पाणी घालून ढवळा, पूर्ववत होतो. शेवटी छोटा चमचाभर लोणी किंवा खोबरेल घातलं तर चमक छान येते. माझी पसंती खोबरेलाला आहे, कारण कोकमाबरोबर त्याचा वास इथल्या जेवणाचा वाटतो.

हा ग्लेझ फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत आठवडाभर राहतो. रविवारी दुप्पट करून ठेवलात तर बुधवारी फक्त मासा भाजायचं काम उरतं.

तव्यावर

घरी आल्यावर पहिल्यांदा भात लावा. उकडा तांदूळ असेल तर तो साध्या तांदळापेक्षा वेळ घेतो, म्हणून त्याचा कुकर चढल्यावरच माशाकडे वळा.

तुकड्यांना दोन्हीकडून अर्धा छोटा चमचा मीठ आणि पाव चमचा हळद चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात ग्लेझ होतो. मिठाने माशातलं पाणी बाहेर येतं. ताटलीत साचलेलं ते पाणी फेकून द्या आणि प्रत्येक तुकडी स्वच्छ सुती फडक्याने किंवा टिश्यू पेपरने टिपून घ्या. वरून, खालून आणि कातडीच्या कडेनेही. या एका मिनिटाला कंटाळू नका. ओला मासा तव्यावर गेला की तव्याची सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. तोवर मासा वाफेवर शिजत राहतो, रंग येत नाही, तव्याला चिकटतो आणि उलटताना तुटतो. “माझा मासा नेहमी मोडतो” म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मासा ओला असतो, किंवा तवा पुरेसा तापलेला नसतो.

आता गोडाबद्दल. ग्लेझ आधीच लावून मुरवत ठेवावा असं कुणालाही वाटेल, कारण आपल्याकडे माशाला आगळ-हळद-तिखट लावून मुरवायची पद्धतच आहे. नुसतं आगळ लावलं तर बिघडत नाही, पण गूळ लावलेला मासा तापलेल्या तव्यावर टाकला की गूळ दोन मिनिटांत जळतो. बाहेरून काळा आणि कडू, आतून कच्चा. म्हणून मासा आधी जवळजवळ पूर्ण शिजवायचा आणि ग्लेझ मंद आचेवर, शेवटी.

तवा नॉनस्टिक किंवा मुरलेला बिडाचा, कुठलाही चालेल. ग्लेझ तव्यावर मिनिट-दीड मिनिटच असतो, त्यामुळे बिडाच्या तव्यावरही चव बिघडत नाही; जेवण झाल्यावर तवा लगेच धुऊन, पुसून तेलाचा हात लावा. तवा मध्यम ते मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचत उडून गेला की दीड मोठा चमचा तेल घाला. तेल पसरलं की तुकड्या एकेक करून, आपल्यापासून लांबच्या बाजूला सोडत ठेवा, म्हणजे तेल अंगावर उडणार नाही. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर असू द्या. तवा लहान असेल तर दोनदा करा. गर्दी झाली की पुन्हा वाफ धरते.

आणि मग हात लावू नका. साडेतीन ते चार मिनिटं. उलथन्याने ढकलून पाहायचा मोह होतो, पण खरपूस थर तयार झाला की तुकडी स्वतःच तव्यापासून सुटते. सुटत नसेल तर अजून झालेली नाही, अर्धं मिनिट थांबा. आच थोडी कमी करून उलटा आणि दुसरी बाजू दोन मिनिटं होऊ द्या.

आता गॅस अगदी मंद. तव्यात जास्तीचं तेल असेल तर काढून घ्या, नाहीतर ग्लेझ माशाला धरत नाही. ग्लेझ तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ओता. तो फसफसेल. तवा किंचित तिरका करून चमच्याने तो रस उचलून तुकड्यांवर घालत राहा, मिनिटभर. एकदा उलटा, आणखी अर्धं मिनिट, आणि गॅस बंद. लसणाचा खमंग वास येतो तोवर ठीक आहे. कडवट झाक येऊ लागली तर लगेच दोन चमचे पाणी शिंपडा.

मासा शिजला हे कसं कळणार? मधल्या काट्याजवळ सुरीचं टोक खुपसून हलकेच उघडा. मांस पारदर्शक न राहता पांढरं दिसलं आणि काट्यापासून सहज सुटलं, की झालं. घरी थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस पुरेत. तव्यावरून उतरवल्यावरही मासा आतल्या उष्णतेने थोडा शिजत राहतो, म्हणून काट्यालगत अगदी किंचित ओलसर असतानाच मी उतरवते आणि दोन मिनिटं ताटात तशीच ठेवते.

हातात सॅल्मनच असेल तर

मुंबई-पुण्याहून येताना कुणी आणला, किंवा ऑनलाइन गोठवलेला मागवला, तर वरचंच सगळं करा, थोडे बदल करून. सॅल्मन बहुधा काटे काढलेल्या सलग तुकड्यांत आणि हवा काढून घट्ट बंद केलेल्या पाकिटात येतो. आदल्या रात्री तो फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा, पण त्याआधी पाकीट उघडा किंवा फाडा. हवाबंद पाकिटात तसाच वितळू दिला तर हवेशिवाय वाढणाऱ्या घातक जंतूंना वाव मिळतो.

कातडीची बाजू खाली ठेवून सुरुवात करा आणि अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला त्याच बाजूवर पाच-सहा मिनिटं द्या; बहुतेक शिजणं तिथेच होतं. बाजूने पाहत राहा, फिकट रंग खालून वर चढताना दिसतो. तो पाऊण उंचीपर्यंत आला की उलटा, मिनिटभर ठेवा आणि मग ग्लेझ. सॅल्मन शिजल्यावरही गुलाबीच राहतो. तो रावसासारखा पांढरा होण्याची वाट पाहत बसलात तर इतका महाग मासा कोरडा होईल. पृष्ठभागावर पांढरे, दह्यासारखे ठिपके आले तर घाबरायचं कारण नाही. ते माशातलंच प्रथिन आहे, आच जास्त झाली की बाहेर येतं. चरबी जास्त असल्यामुळे सॅल्मनला आंबटही जास्त लागतं, तेव्हा ग्लेझमध्ये अर्धा चमचा आगळ वाढवा. ओव्हन असेल तर २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, आणि ग्लेझ शेवटच्या तीन-चार मिनिटांत.

दुसरे मासे आणि बंदीचे महिने

सुरमईच्या जाड तुकड्या अगदी याच पद्धतीने होतात. पापलेटला ग्लेझ देऊ नये असं मला वाटतं. त्याची चव इतकी नाजूक असते की गूळ-कोकमाखाली ती उरतच नाही. बांगडा मात्र उत्तम. तो तेलकट, चवीला जोरकस आणि खिशाला परवडणारा आहे. दोन्ही बाजूंनी तीन तिरक्या चिरा द्या, म्हणजे ग्लेझ आत जातो, आणि गूळ अर्धा चमचा कमी करा. ग्लेझ उकळताना चार तिरफळं ठेचून टाकली तर फारच छान, फक्त आतली काळी बी काढून टाका. बांगड्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. तो उन्हात किंवा गरम ओट्यावर पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, ज्याने चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी असा त्रास होतो, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही. म्हणून बांगडा घेतल्यावर सरळ घरी या आणि फ्रिजमध्ये टाका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचे हे दिवस आहेत आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या काळात बाजारात दिसणारा मोठा रावस बहुधा बर्फातला किंवा बाहेरून आलेला असतो. तेव्हा खाडीच्या आणि तळ्यातल्या माशांकडे वळावं. रायगडात असाल तर जिताडा शोधा. त्याचं मांस घट्ट आणि रसाळ असतं, कातडी जाड असते, आणि या ग्लेझसाठी तो रावसाइतकाच, कदाचित थोडा सरसच आहे.

ताटात

गरम भात, त्यावर तव्यातला उरलेला ग्लेझ, शेजारी मासा आणि काकडीची कोशिंबीर. सोलकढी मी या जेवणाबरोबर करत नाही, कारण एका ताटात दोनदा कोकम होतं आणि दोन्हींची मजा जाते. साधं वरण जास्त शोभतं. तांदळाची भाकरी येत असेल तर तीही चालते, पण ऑफिसच्या दिवशी भातच बरा.

तवा, फडकं आणि ताटली लगेच धुवा, माशाचे काटे कागदात गुंडाळून त्याच रात्री बाहेर टाका. घरात वास राहण्याचं कारण बहुतेक वेळा शिजवलेला मासा नसतो, सिंकमध्ये सकाळपर्यंत पडलेली भांडी असतात. एखादी तुकडी उरली तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. पुन्हा तव्यावर तापवू नका, ग्लेझ जळतो. काटे काढून मासा कुस्करा आणि वाफाळत्या भातात कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून कालवा.